रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण म्हैस तर निवांत रवंथ करतेय

टिटवाळ्याजवळच्या एका गावातून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या ठाण्यात नोकरी करतात. घरचा गोठा सासरे सांभाळतात, हिशेब आणि औषधपाणी ताईंकडे. गोठ्यात चार म्हशी आणि तीन संकरित गाई होत्या. श्रावणात त्यातली एक गाय गेली. आधी ताप भरला, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली, दूध आटले, धाप लागली आणि चार-पाच दिवसांत सगळे संपले. डॉक्टरांनी गोचीड तापाचा संशय व्यक्त केला आणि उरलेल्या सहा जनावरांचे रक्त तपासायला पाठवले. काचपट्टीवरच्या तपासणीत सहाही जनावरांत ‘काही आढळले नाही’. त्याच रक्ताच्या पीसीआर चाचणीत मात्र तीन म्हशी आणि एक गाय ‘थायलेरिया पॉझिटिव्ह’ निघाल्या. थायलेरिया म्हणजे गोचिडांतून पसरणारा रक्तातला परजीवी. म्हशी नेहमीसारख्या खातात, दूध देतात. पॉझिटिव्ह गाय सात महिन्यांची गाभण आहे आणि तिचे दूध थोडे उतरले आहे.

सासरे म्हणतात, एका रक्ताचे दोन रिपोर्ट येतात म्हणजे एक खोटा, आणि महागाचा आहे तोच खोटा. धाकटे दीर म्हणतात, सहाही जनावरांना इंजेक्शन देऊन टाकू. एक दलाल चारही पॉझिटिव्ह जनावरे पडेल भावाने उचलायला तयार आहे, नाहीतर मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेला काढा म्हणतो. ताईंचा स्वतःचा कल विकण्याकडे आहे: ‘आजारी जनावरे गेली की गोठा धुऊन काढू आणि नवीन गाई आणू, म्हणजे रोग मुळासकट जाईल.’ शेवटी एक ओळ आहे: ‘हेच दूध माझी मुलगी पिते, आणि पंधरा घरी जाते. मी काय करू?’

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण झोप उडवणारी ओळ तीच आहे. गाई-म्हशींचा हा थायलेरिया माणसाला होत नाही. तो दुधातूनही पसरत नाही. पसरायला त्याला गोचीडच लागतो. तुमची मुलगी आणि ती पंधरा घरे या रोगापासून सुरक्षित आहेत. दूध उकळूनच प्यायचे, पण ते ब्रुसेला आणि क्षयासारख्या दुसऱ्या रोगांसाठी, आणि तुम्ही ते करतच असाल. जपायचे ते औषधाला. ज्या जनावराला इंजेक्शन दिले जाईल त्याचे दूध किती दिवस वापरायचे नाही, हे डॉक्टरांना विचारून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. तेवढे दिवस ते दूध कुठल्याही घरी जाऊ देऊ नका.

आता दोन रिपोर्टांचे भांडण. माझ्या मते दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. त्या दोन चाचण्यांनी रक्ताला दोन वेगळे प्रश्न विचारले, म्हणून उत्तरे वेगळी आली.

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरवतात, गिम्सा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींत परजीवी दिसतो का ते पाहतात. जनावर तापाने फणफणलेले असते आणि पेशी परजीवींनी भरलेल्या असतात, तेव्हा ही तपासणी उत्तम. स्वस्त आहे, लवकर होते, तालुक्याच्या दवाखान्यात होते. पण हजारो पेशींमागे एखादीच बाधित असेल, तर तपासणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. यात तपासणाऱ्याचा दोष नसतो.

पीसीआर परजीवीचा चेहरा शोधत नाही, त्याच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधते. गाईंना जबर आजारी पाडणाऱ्या थायलेरिया अ‍ॅन्युलाटा या प्रजातीसाठी अनेक प्रयोगशाळा ‘टॅम्स-१’ नावाच्या जनुकाचा ७२१ अक्षरांचा तुकडा पकडतात. रक्तातून काढलेला डीएनए तापवायचा, थंड करायचा, पुन्हा तापवायचा, आणि प्रत्येक फेरीत त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट. सगळे नीट चालले तर एका तुकड्याचे ३० फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक होतात. म्हणून काचपट्टीवर न दिसणारा परजीवी इथे सापडतो. सासऱ्यांना करोनाची आठवण द्या. तेव्हाही पीसीआर पॉझिटिव्ह आलेली कितीतरी माणसे घरात ठणठणीत बसून होती, आणि रिपोर्ट खोटा नव्हता.

म्हणजे तुमच्या हातातला कागद सांगतो ते इतकेच, की या चार जनावरांच्या रक्तात थायलेरियाचा डीएनए आहे. ती आजारी आहेत, असे तो कागद म्हणत नाही. हा रोग एकदा होऊन गेला, किंवा लहानपणी हलकासा होऊन गेला, तरी थोडे परजीवी लाल पेशींत वर्षानुवर्षे राहतात. अशा जनावराला आपण वाहक म्हणतो. म्हशींमध्ये तर हे फार आढळते. तुमच्या तीन म्हशी बहुधा अशाच वाहक असाव्यात, आणि कदाचित तुमच्या गोठ्यात येण्याआधीपासून.

इथेच मला तुमच्या मनातले एक गृहीत थोडे हलवायचे आहे. तुम्ही सगळी काळजी चार पॉझिटिव्हवर खर्च करता आहात. मला काळजी वाटते ती निगेटिव्ह आलेल्या त्या दुसऱ्या संकरित गाईची. वाहक जनावराच्या शरीराने या परजीवीशी एकदा झुंज दिलेली असते आणि त्यातून काही प्रतिकारशक्ती कमावलेली असते. निगेटिव्ह संकरित गाईची बहुधा ती झुंज व्हायचीच आहे. श्रावणात गेलेली गायही संकरितच होती, आणि हा योगायोग नाही. देशी गाई आणि म्हशी या परजीवीसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. जर्सी किंवा होल्स्टिनचे रक्त असलेल्या गाईला तो फार जबर बसतो.

मग विकण्याचा बेत पुन्हा एकदा तपासून पाहा. वाहक जनावरे दलालाला दिली, त्यांच्या जागी कधीच लागण न झालेल्या नव्या संकरित गाई आणल्या, आणि गोचीड मात्र गोठ्यातच राहिले. हा परजीवी आपल्याकडे प्रामुख्याने हायलोमा जातीचा गोचीड पसरवतो. तो लहान असताना बाधित जनावराचे रक्त पितो, गळून पडतो, भिंतीच्या भेगांत आणि दगडांच्या सांध्यांत लपतो, कात टाकून मोठा होतो आणि मग दुसऱ्या जनावराला चिकटून रोग देतो. म्हणजे विकलेल्या म्हशीचा परजीवी तुमच्या भिंतीत आधीच उतरलेला असू शकतो. पाण्याने धुऊन तो जात नाही. नव्या, महाग गाईंना त्याच भिंतींत आणून उभे करण्यात मला मोठा धोका दिसतो.

दलालाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी. तो ही जनावरे कुठेतरी दुसऱ्या गोठ्यात नेऊन बांधणार, आणि तिथे कोणाकडे तरी एखादी संकरित गाय असणार. चाऱ्याचा खर्च झेपत नाही, माणूसबळ नाही, अशा कारणाने विकायचेच असेल तर जरूर विका, पण रिपोर्ट दाखवून विका. म्हशाच्या जत्रेतही आणि घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही. ज्यांच्या गोठ्यात फक्त म्हशी आहेत त्यांना वाहक म्हैस घेण्यात फारशी अडचण नसते. सांगून विकता येईल असे गिऱ्हाईक मिळते.

आता दिरांचे म्हणणे. सहाही जनावरांना सरसकट इंजेक्शन देऊ नका. थायलेरियावर बुपार्वाक्वोन हे चांगले औषध आहे आणि वेळेत मिळाले तर जनावर वाचते. पण ते महाग आहे. ठणठणीत वाहकाला दिले तरी शेवटचा परजीवी निघून जाईल याची खात्री देता येत नाही. शिवाय या औषधाला दाद न देणारे परजीवी काही देशांत सापडले आहेत. त्यांच्या सायटोक्रोम-बी जनुकात बदल झालेले असतात. गरज नसताना औषध मारत राहिलो, तर गरज पडेल तेव्हा ते हातचे जाईल. निगेटिव्ह दोघींना तर ते देण्याचे कारणच नाही.

गाभण गाईचे वेगळे. तिचे दूध उतरले आहे. सातव्या महिन्यात ते तसेही उतरते, म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका आणि तेवढ्यावरून दुर्लक्षही करू नका. डॉक्टरांना तिच्याकडे प्रत्यक्ष पाहायला सांगा: ताप, खांद्यापुढच्या गाठी, डोळ्यांच्या आतल्या त्वचेचा रंग, आणि रक्तातले हिमोग्लोबिन. गाठ सुजली असेल तर त्या गाठीतून सुईने थोडा द्रव काढून त्याची काचपट्टी करायला सांगा. ही तपासणी आपल्याकडे कमी केली जाते आणि मला त्याचे वाईट वाटते. परजीवी आधी पांढऱ्या पेशींत, या गाठींमध्ये वाढतो आणि नंतर लाल पेशींत उतरतो. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्ताची काचपट्टी कोरी आणि गाठीची भरलेली, असे होऊ शकते. गाठीतल्या पेशींत परजीवीचे ठळक निळे गोळे दिसले तर आजार चालू आहे, हे पीसीआरपेक्षाही स्पष्ट कळते. तसे असेल तर ती गाभण असली तरी उपचार थांबवू नयेत. मात्रा आणि पद्धत डॉक्टर ठरवतील.

आता प्रयोगशाळेला एक फोन करा, कारण तुमच्या रिपोर्टवर फक्त ‘थायलेरिया’ लिहिले आहे आणि ते पुरेसे नाही. विचारा, की चाचणी पूर्ण थायलेरिया गटासाठी केली होती की अ‍ॅन्युलाटा या एका प्रजातीसाठी. काही चाचण्या गटाला समान असलेला १८एस जनुकाचा भाग पकडतात. त्यात थायलेरिया ओरिएंटॅलिस नावाचा दुसरा, सहसा सौम्य परजीवीही पॉझिटिव्ह येतो, आणि तो भारतातल्या गाई-म्हशींत आढळतो. तुमच्या म्हशींत तोच असेल तर चित्र बरेच हलके होते. रिपोर्टवर ‘सीटी’ असा आकडा असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा. आकडा जितका लहान, तितका रक्तात परजीवीचा डीएनए जास्त. साध्या पीसीआरमध्ये तो आकडा नसतो, फक्त हो किंवा नाही असते.

हेही विचारा, की त्याच रक्ताची बबेसिया आणि अ‍ॅनाप्लाझ्मा या गोचिडांतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या रोगजंतूंसाठी चाचणी झाली का. गावात सगळ्यालाच गोचीड ताप म्हणतात, पण औषधे वेगळी आहेत. बबेसियात लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी होते, आणि त्यावर डायमिनाझीन किंवा इमिडोकार्ब चालते. अ‍ॅनाप्लाझ्मा हा जिवाणू. त्यात जनावर पांढरे-पिवळे पडते पण लघवी लाल होत नाही, आणि त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन लागते. थायलेरियाला डायमिनाझीन देऊन उपयोग नाही, आणि अ‍ॅनाप्लाझ्माला बुपार्वाक्वोन देऊन नाही. एकाच जनावरात दोन परजीवी असू शकतात. नेमका कोण आहे ते सांगणे, हे पीसीआरचे खरे काम. ताप भरलेल्या जनावराला अंदाजाने तीन-तीन औषधे टोचण्यापेक्षा तो खर्च मला नेहमीच योग्य वाटतो.

पुढच्या वेळी नमुना कसा घ्यायचा, हेही सांगते, कारण खराब नमुन्यावर चांगली चाचणी वाया जाते. रक्त पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्यायचे. औषध गेल्यावर परजीवी कमी होतात आणि निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. उलट, मेलेल्या परजीवींचा डीएनए काही दिवस रक्तात राहून निकाल पॉझिटिव्हही येऊ शकतो. नळी ईडीटीएची, जांभळ्या झाकणाची. हिपॅरिनची नळी पीसीआरमध्ये अडथळा आणते. प्रत्येक नळीवर कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहा. ‘काळी म्हैस’ असे लिहिले तर चार म्हशींच्या गोठ्यात घोटाळा ठरलेला. त्याच वेळी कानाच्या शिरेतून थेंब घेऊन दोन काचपट्ट्या करून वाळवून ठेवा. नळ्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत ठेवा, पण काचपट्ट्या त्या ओलाव्यापासून दूर. टिटवाळ्याहून दुपारच्या लोकलने उन्हात नेलेली उघडी पिशवी चालणार नाही.

नमुना शक्यतो सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवा. परळला १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे. कोणती चाचणी कुठे आणि केवढ्याला होईल, हे तुमचे डॉक्टर चौकशी करून सांगू शकतील.

आता गोचिडांकडे वळू, कारण खरी लढाई तिथे आहे आणि ती औषधाच्या बाटलीपेक्षा थापी घेऊन जास्त लढायची आहे. भिंतीच्या भेगा, दगडांचे सांधे, गव्हाणीच्या कडा सिमेंटने बुजवा, मग चुना लावा. कोपऱ्यात वर्षभर पडून राहणारे गोणपाट आणि जुना पेंढा काढून टाका. जनावरांवर आणि भिंतींवर फवारणी एकाच दिवशी करा. नुसती जनावरे फवारली तर भिंतीतले गोचीड दोन दिवसांनी चढतात. औषधाचे प्रमाण डब्यावर लिहिले तेवढेच घ्या. पैसे वाचवायला पातळ केले की गोचीड मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात. कान, शेपटीखालची जागा, मांड्यांची आतली बाजू, कास इथे हात फिरवून पाहा. दूध काढण्याआधी सड धुवा. औषध कोणते आणि किती दिवसांनी पुन्हा, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. गोठ्यात कधीही पिकावरचे कीटकनाशक वापरू नका. त्याने जनावरे आणि माणसेही दगावतात.

रोज हाताने गोचीड काढण्यालाही अर्थ आहे. चिकटल्यावर लगेच तो रोग देत नाही. परजीवी त्याच्या लाळेत तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस रक्त पिणे चालू लागते. म्हणून निगेटिव्ह गाईवरून सकाळ-संध्याकाळ हात फिरवणे हा तुमच्या हातातला स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. फक्त गोचीड नखाने चिरडू नका, मुलीला तर अजिबात हात लावू देऊ नका. हायलोमा गोचिडातून माणसाला क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो. २०११ मध्ये गुजरातेत त्याचे रुग्ण सापडले होते. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालून काढा आणि रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात टाका.

निगेटिव्ह गाईसाठी लसीचाही विचार करा. आपल्या देशात संकरित गाईंसाठी थायलेरियाची लस तयार होते. ती प्रयोगशाळेत दुबळ्या केलेल्या जिवंत परजीवीची असते आणि द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, म्हणून ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळणार नाही. तुमच्या भागात ती कशी मिळेल आणि या गाईला चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. पुढे नवीन गाय आणलीच, तर ती गोठ्यात बांधण्याआधी तिचेही रक्त तपासा, तिला काही आठवडे वेगळी ठेवा, आणि लस द्यायची असेल तर त्याच काळात द्या.

सासऱ्यांबद्दल. तुमच्या पत्रात त्यांच्यावरचा राग जाणवतो आणि तो मी समजू शकते. गाय गेल्याचे दुःख तुम्हा दोघांनाही आहे, पण ते दोन वेगळ्या वाटांनी बाहेर पडते आहे. त्यांना कागदावर हरवू नका. काचपट्टी खोटी नव्हती, हे त्यांना आधी सांगा, कारण ते खरेच आहे. मग त्यांना असे काम द्या जे प्रयोगशाळा करू शकत नाही. रोज सकाळी सहाही जनावरांच्या खांद्यापुढच्या गाठी दाबून पाहायच्या. इतकी वर्षे जनावरांत काढलेल्या माणसाच्या बोटांना गाठ वाटाण्याएवढी वाढली तरी कळते, आणि ती पीसीआरच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी आधी कळते. तुम्ही थर्मामीटर लावा आणि वहीत तापमान लिहा. निगेटिव्ह गाईचे दोन वेळा, बाकीच्यांचे एक वेळ. ही वही डॉक्टरांना रिपोर्टइतकीच उपयोगी पडेल.

तापमान १०३ अंशांच्या पुढे गेले, गाठ सुजली, डोळे फिके पडले किंवा लघवीचा रंग बदलला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. ते मिळाले नाहीत तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करा. पहिले इंजेक्शन टोचण्याआधी रक्त आणि गाठीची काचपट्टी घ्यायची आठवण त्यांना तुम्ही करून द्या.

गाभण गाईकडे शेवटच्या महिन्यात आणि विल्यानंतरचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. विण्याचा ताण आला की गप्प बसलेला परजीवी पुन्हा वाढू शकतो. तिचे वासरू जन्मल्यापासून गोचिडांच्या भिंतीपासून लांब, कोरड्या आणि चुना लावलेल्या जागेत बांधा, आणि त्यालाही वहीत एक पान द्या.